लास्कोचं दार बंदच राहू द्या

नैर्ऋत्य फ्रान्समधली लास्कोची गुहा पाहायला जाणाऱ्यांना आज पाहायला मिळते ती तिची प्रतिकृती. एवढ्या लांब जाऊन नक्कलच पाहायची का, ही तक्रार समजण्यासारखी आहे. तरीही मूळ गुहा बंद आहे हेच योग्य. १९४० साली चार मुलं आत उतरली, तेव्हा सुमारे १७,००० वर्षांपूर्वीचे बैल आणि घोडे चांगले टवटवीत होते, कारण आतली हवा फारशी बदललेलीच नव्हती. १९४८ मध्ये गुहा खुली करताना तिचं तोंड रुंद केलं गेलं, आतली माती उपसली, दिवे लावले. पुढे रोज हजारावर माणसं आत जाऊ लागली. त्यांच्या श्वासातली वाफ थंड भिंतींवर साचायची, कार्बन डायऑक्साइडमुळे ते पाणी आम्लधर्मी होऊन चुनखडीला झिजवायचं. दिव्यांच्या उजेडात हिरवं शेवाळ धरलं, कुठे कॅल्साइटचा पांढरा थर चढू लागला. अखेर १९६३ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे माल्रो यांनी गुहा बंद केली.

मग मोजक्याच लोकांना सोडा, असं कुणी म्हणेल. स्पेनमधल्या आल्तामिराला तेच केलं. १९७७ मध्ये बंद केलेली ती गुहा १९८२ मध्ये थोड्या लोकांपुरती उघडली, पण २००२ मध्ये पुन्हा बंद करावी लागली. लास्कोत तर दार बंद असतानाही २००१ मध्ये पांढरी बुरशी पसरली. भीमबेटकाला आपण चित्रांसमोर उभे राहतोच की, हा आक्षेपही इथे लागू पडत नाही. तिथले शैलाश्रय उघडे आहेत, वारा खेळता आहे; लास्को बंदिस्त आहे. प्रतिकृतीत हजारो वर्षांपूर्वीच्या हाताचा प्रत्यक्ष स्पर्श नाही, हे मात्र खरंच, आणि ती उणीव भरून निघणारी नाही. पण चित्रकाराचं डोकं तिथेही दिसतं. पलीकडच्या बाजूचे पाय अंगाला न चिकटवता त्याने मध्ये बारीक फट सोडली आहे. तेवढ्यानेच ते पाय मागे सरकतात आणि सपाट भिंतीवरच्या जनावराला जाडी येते. १९८३ च्या प्रतिकृतीसाठी मोनिक पेत्राल यांनी नैसर्गिक रंग वापरून हातानेच अशा रेघा पुन्हा काढल्या.

लास्कोच्या याच अनुभवामुळे १९९४ मध्ये सापडलेली शोवे गुहा पर्यटकांसाठी कधी उघडलीच नाही. तिथे गुहेतल्या अस्वलांच्या कवट्या आणि पावलांचे ठसे जमिनीवर जागच्या जागी आहेत, अभ्यासकही खास बसवलेल्या अरुंद वाटेवरूनच चालतात. लास्कोत वाट करताना उपसलेल्या मातीत काय होतं, ते आता कुणालाच तपासता येणार नाही.