वयाच्या रकान्यात मोजायच्या पेशी

सकाळी ८.३०. परळच्या लॅबमध्ये पोचल्यावर आधी फ्लो सायटोमीटर सुरू करते. लेझर स्थिरावले की बीड्स चालवून बघायच्या. इथे घाई केली तर दिवसभराच्या आकड्यांचा भरवसा नाही.

९.३०. वॉर्डबॉय मामा वॉर्डातून जांभळ्या टोपणांच्या नळ्या घेऊन येतात. सगळी लिम्फोमाची मुलं. प्रत्येक नळीतलं १०० मायक्रोलिटर रक्त, त्यात चमकत्या रंगांच्या अँटिबॉडी: टी-पेशींना सीडी३, त्यांतल्या दोन गटांना सीडी४ आणि सीडी८, बी-पेशींना सीडी१९. वीस मिनिटं अंधारात. मग लायसिंग सोल्यूशन घातलं की गढूळ लाल नळी बघता बघता आरपार दिसू लागते. तांबड्या पेशी फुटल्या, पांढऱ्या उरल्या.

११.१५. तातडीचा नमुना. नऊ वर्षांचा मुलगा, छातीत मोठी गाठ, आडवं पडलं की धाप लागते. भूल देणं धोक्याचं, म्हणून फुप्फुसाभोवतीचं पाणी काढून पाठवलंय. बाकी सगळं बाजूला. पडद्यावर ठिपक्यांचा एकच दाट पुंजका: सीडी७, पेशीच्या आत सीडी३, शिवाय टीडीटी. टी-लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा. डॉक्टरांनी खात्री करून लगेच वॉर्डात फोन केला. सुरीविना निदान झालं, उपचार आजच सुरू होतील.

१.३०. डबा.

२.१५. बर्किट लिम्फोमाची मुलगी, रिटक्सिमॅब नुकतंच संपलंय. पडद्यावर सीडी१९ची चौकट रिकामी. हे औषध सीडी२० असलेल्या बी-पेशी मारतं, त्यात रोगी-निरोगी असा भेद नाही. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, जास्त धोक्याच्या मुलांना केमोबरोबर ते दिल्यावर तीन वर्षांचं रोगमुक्त जगणं ८२वरून ९४ टक्क्यांवर गेलं. ती रिकामी चौकट ही त्याची किंमत आहे, आणि ती मोजण्यासारखी आहे. पेशी परतायला महिने लागतात. तोवर इम्युनोग्लोब्युलिनवर लक्ष हवं.

४.००. आता ज्याची मला खरी चीड येते ते. दोन वर्षांच्या बाळाचा बाहेरून आलेला रिपोर्ट: सीडी४ ७००, शेजारी मोठ्यांची रेंज, शेरा 'नॉर्मल'. पंधरा वर्षांच्या मुलाला ७०० ठीक आहेत. या वयाच्या निरोगी बाळात त्या हजाराच्या बऱ्याच वर असतात. आई तो कागद बघून निश्चिंत झालेली. मी प्रत्येक रिपोर्टवर वयाची रेंज स्वतः तपासते.

५.००. त्याच बाळाच्या संसर्ग टाळण्यासाठीच्या औषधाबद्दल रेसिडेंटचा फोन. "मॅडम, या बाळाचं सेप्ट्रान थांबवू का?"

"नको सर, सीडी४ वयाच्या मानाने फार कमी आहेत. आमच्या डॉक्टर मॅडमशी बोला, रिपोर्टवर सही त्या करतात."


५.३०. मशीनमधून ब्लीच, मग पाणी. उद्याच्या अँटिबॉडींचा साठा बघून घेतला. सीडी१९ची बाटली संपत आलीय, मागणी आजच टाकली.