मदत मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे!

दहावी-बारावीचे निकाल लागले की वस्त्यावस्त्यांतून अभिनंदनाचे फलक झळकतात. गुणवंतांचे सत्कार होतात, भाषणे होतात, फोटो निघतात. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु त्याच वस्तीत अशीही मुले-मुली असतात, ज्यांनी शहरातल्या महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि दुसऱ्या वर्षी गुपचूप घरचा रस्ता धरला. त्यांचा फलक कोणी लावत नाही. विचारले तर "जमलं नाही, सर" एवढेच उत्तर मिळते. खोदून विचारले की कळते, मेसचे दोन-तीन महिन्यांचे पैसे थकले होते. इंग्रजीतला विषय समजावून सांगणारा कोणी भेटला नव्हता. शिष्यवृत्तीच्या अर्जात त्रुटी निघाली, ती कशी दुरुस्त करायची ते ठाऊक नव्हते. "अरे, मग कोणाला सांगितले का नाहीस?" यावर ठरलेले उत्तर, "कोणापुढे हात कशाला पसरायचा?"

हा स्वाभिमान आकाशातून पडलेला नाही. त्याला इतिहास आहे. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना शिळ्यापाक्या तुकड्यांवर जगणे आणि मेलेली ढोरे ओढणे सोडून द्यायला सांगितले. त्या आदेशाने समाजाचा कणा ताठ झाला. पण तेव्हा सोडायची होती ती जातीने लादलेली लाचारी. ध्येयासाठी सहकार्य मागणे ही वेगळी गोष्ट आहे. या दोहोंत गल्लत झाली की स्वाभिमानच आपल्या पोरांच्या पायातली बेडी होतो.

बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन या दृष्टीने पुन्हा वाचले पाहिजे. आपण म्हणतो, ते एकट्याच्या हिमतीवर शिकले. त्यांची हिंमत, त्यांचे कष्ट यांना तोड नाही. परंतु ते एकटे नव्हते. मुलाला शिकवायचेच या जिद्दीने सुभेदार रामजी झिजले. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचणारा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरला. त्याला पुस्तके दिली, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढे सयाजीराव महाराजांपर्यंत त्याची शिफारस पोहोचवली. त्यातून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. सुभेदारांचे निधन २ फेब्रुवारी १९१३ रोजी झाले. घरचा आधार गेला तरी त्याच वर्षी भीमराव अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, कारण बडोदा संस्थानाने तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले होते. ४ जून १९१३ रोजी त्यासाठी रीतसर करार झाला. शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, ही त्यातली अट!

वकील म्हणून मला हा करार महत्त्वाचा वाटतो. यात भिक्षा कुठे आहे? एका बाजूला शिक्षणाचा खर्च, दुसऱ्या बाजूला सेवेचे वचन. दोघांच्या सह्या. १९१७ साली अर्धवट राहिलेले लंडनचे शिक्षण पुरे करण्यासाठी बाबासाहेब १९२० मध्ये पुन्हा निघाले, तेव्हा सिडनहॅम महाविद्यालयातल्या पगारातून साठवलेले पैसे जवळ होते, राजर्षी शाहू महाराजांचे सहाय्य होते आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५ हजार रुपयांचे कर्ज होते. म्हणजे शिफारस, करार, बचत, देणगी आणि कर्ज अशी मदतीची पाच रूपे या एका आयुष्यात दिसतात. सहावे रूप माता रमाईंचे. तुटपुंज्या पैशांत त्यांनी मुंबईचा संसार ओढला, त्याची कुठल्या कागदावर नोंद नाही. एम.एससी., बॅरिस्टर, डी.एससी. या पदव्यांमागे एवढी माणसे उभी आहेत.

मग आपल्या तरुणांनी यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट, मागणी नेमकी असावी. "सर, काहीतरी मदत करा" असे म्हटले तर समोरचा माणूस पन्नास रुपये देऊन मोकळा होतो. त्याऐवजी "सहा महिन्यांची मेस एवढी आहे, माझ्याकडे एवढे आहेत, एवढे कमी पडतात" असे कागदावर मांडा. पैसे नको असतील तर तसे सांगा. कोणाकडून जुनी पुस्तके हवी असतात, कोणाकडून रविवारचे दोन तास, कोणाकडून फक्त एक ओळख. दुसरी गोष्ट, हिशेब आणि खबर. निकाल चांगला लागो की वाईट, ज्याने मदत केली त्याला तो आपल्या तोंडून कळला पाहिजे. तिसरी गोष्ट, परतफेड. देणाऱ्याला नसेल तर मागून येणाऱ्याला. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. त्यांनी घेतलेल्या मदतीची ही परतफेड होती.

आणखी एक भेद लक्षात ठेवा. जिथे हक्क आहे तिथे मदत मागू नका, हक्क मागा! वकिलीच्या सनदेचेच उदाहरण घ्या. १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये नोंदणी शुल्क ठरवून दिले असताना अनेक राज्यांच्या बार कौन्सिल नाना नावांखाली हजारो रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सर्वसाधारण प्रवर्गासाठी ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, यापेक्षा जास्त आकारता येणार नाही. आता सनदेसाठी गावात वर्गणी काढायची गरज नाही. गरज आहे ती हा निकाल माहीत असण्याची. तो सांगणारा माणूस भेटणे हीसुद्धा मदतच!

आता थोडे देणाऱ्यांविषयी. आपल्यातला नोकरदार, अधिकारी, डॉक्टर, वकील वर्ग मोठा झाला आहे. तो जयंतीची वर्गणी सढळ हाताने देतो. पण मुलाला मदत करताना त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा ठेवली, उठता-बसता उपकार बोलून दाखवले, आपल्याच गटाचा झेंडा त्याच्या हाती दिला, तर पुढचा मुलगा दाराशी येणारच नाही. केळुसकर गुरुजींनी भीमरावाला आपला अनुयायी करून घेतले नव्हते. त्यांनी एक पुस्तक दिले आणि एक दार उघडले.

"स्वयंप्रकाशित व्हा" हा तथागतांचा उपदेश अनेकजण "कोणाचीच मदत घेऊ नका" असा वाचतात. हा अर्थ चुकीचा आहे. कल्याणमित्र लाभणे म्हणजे निम्मा धम्ममार्ग, असे आनंद म्हणाला, तेव्हा निम्मा नव्हे, संपूर्ण, असे बुद्धांनी त्याला सांगितले. चालायचे आपल्याच पायांनी, पण सोबतीने.

तेव्हा ज्याची फी थकली आहे त्याने आज एका माणसाला नेमके काय हवे ते सांगावे. आणि ज्याचा पगार वेळेवर होतो त्याने आपल्या वस्तीतले एक दार ठोठावून विचारावे, "बाळ, शिक्षणाचे कुठे अडले आहे?"