विधानमंडळाचे कामकाज आणि मतदार

लोकशाहीत मतदाराचे कर्तव्य मतपेटीपाशी संपत नाही. म्हसळा तालुक्यातील मतदार श्रीवर्धन मतदारसंघातून आपला प्रतिनिधी विधानसभेवर पाठवितात. तो प्रतिनिधी सभागृहात कोणता प्रश्न मांडतो व शासन त्यास काय उत्तर देते, हे प्रत्यक्ष ऐकण्याची सोय मतदारास उपलब्ध आहे.

महाराष्ट्र विधानमंडळाची दोन सभागृहे आहेत. विधानसभेत २८८ व विधान परिषदेत ७८ सदस्य असतात. मुंबईतील विधान भवनाचे उद्घाटन १९८१ साली झाले. त्या वेळी म्हसळा तालुक्यातीलच आंबेत गावचे बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री होते. हिवाळी अधिवेशन सामान्यतः नागपूर येथे भरते.

सभागृहात अभ्यागतांसाठी स्वतंत्र गॅलरी असते. तेथे प्रवेशपत्रिकेवाचून जाता येत नाही. त्यासाठी साधारणतः विधानमंडळाच्या सदस्याची शिफारस लागते. गॅलरीत शांतता पाळावी लागते. घोषणा देण्यास वा टाळ्या वाजविण्यास मनाई असते. १३ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेत दोन अभ्यागतांनी गॅलरीतून सभागृहात उड्या घेतल्या होत्या. प्रवेशापूर्वीच्या तपासणीचे महत्त्व अशा प्रसंगांवरून ध्यानी येते.

प्रश्नोत्तरांचा तास सर्वसाधारणपणे बैठकीच्या आरंभी असतो. म्हसळ्याहून सकाळी निघालेल्या अभ्यागतास तो बहुधा हुकतो. म्हणून आदल्या दिवशीच मुंबईस पोहोचणे श्रेयस्कर. ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांना कामकाजाचे थेट प्रक्षेपण पाहता येते.

विधिमंडळ समित्यांच्या बैठका मात्र जनतेस खुल्या नसतात. तेथे अधिकाऱ्यांची साक्ष होते व कागदपत्रांची छाननी चालते. समितीचा अहवाल सभागृहास सादर झाल्यावर तो सर्वांना वाचता येतो.

गॅलरीतील नागरिकास ऐकण्याची मुभा आहे, बोलण्याची नाही. ग्रामसभेत त्याच नागरिकास बोलण्याचाही अधिकार आहे. या दोहोंची सांगड पंचायत सदस्यांनी घालावी. ग्रामसभेत निघालेला रस्त्याचा वा पाण्याचा प्रश्न अधिवेशनापूर्वी पुरेसा अवधी ठेवून आमदारांकडे लेखी द्यावा, तो केव्हा चर्चेस येणार याची चौकशी करावी आणि मिळालेले उत्तर पुढील ग्रामसभेत वाचून दाखवावे. शिक्षकांनीही नागरिकशास्त्राच्या तासाला अशा एखाद्या उत्तराचा आधार घ्यावा. सभागृहात दिलेले आश्वासन गावास ठाऊक असेल, तरच त्याच्या पूर्ततेविषयी गावास विचारणा करता येईल.