शेततळ्यात मासे, पण आधी पाण्याचा हिशेब

नाशिक : उन्हाळ्यात द्राक्षबागा जगविण्यासाठी निफाड, दिंडोरी, चांदवड, सिन्नर या तालुक्यांत शेततळी खोदण्यात आली. राज्य शासनाच्या २०१६ मधील 'मागेल त्याला शेततळे' योजनेने त्यात भर घातली. याच साठ्यात मासे वाढवून जोडउत्पन्न मिळविता येते. मात्र, तळे मुळात बागेसाठी आहे, याचा विसर पडल्यास ऐन उन्हाळ्यात 'बाग की मासे' असा पेच उभा राहतो. म्हणूनच मत्स्यबीज आणण्यापूर्वी तळ्यात किमान पाच फूट पाणी किती महिने टिकते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

हंगामाचे गणित

पावसाळ्यात तळे भरल्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये बीज सोडले जाते. विक्रीयोग्य वाढीसाठी आठ ते दहा महिने लागतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी सुरू झाली, की बागेला पाणी द्यावे लागते आणि तळ्याची पातळी उतरू लागते. म्हणजेच मार्चअखेर बहुतांश मासे बाहेर काढण्याचे नियोजन हवे. त्यातच थंडीत निफाडचा पारा अनेकदा एक आकडी होतो. थंड पाण्यात मासे कमी खातात व वाढ मंदावते. हे दिवस भरून काढण्यासाठी लहान बीजाऐवजी आठ ते दहा सेंटिमीटर लांबीची बोटुकली सोडणे हिताचे असते.

किती मासे, किती खाद्य?

कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी खाद्य शोधतो. प्लॅस्टिक कागद अंथरलेल्या तळ्यात गाळ नसल्याने तळाचे नैसर्गिक खाद्य कमी असते. त्यामुळे मृगळाचे प्रमाण कमी ठेवून बाहेरून खाद्य द्यावे लागते.

हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकली, हे सर्वसाधारण प्रमाण मानले जाते. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यासाठी ही संख्या ४५० ते ९०० भरते. पहिल्या वर्षी ५०० बोटुकली सोडल्या, त्यातील ८० टक्के जगल्या आणि प्रत्येकी ८०० ग्रॅमचे मासे झाले, तर उत्पादन ३२० किलो होईल. किलोभर वाढीसाठी दीड ते दोन किलो खाद्य धरल्यास ४८० ते ६४० किलो खाद्य लागेल. एकूण खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असल्याने स्थानिक विक्रीदराशी हा हिशेब आधीच ताडून पाहावा.

दुर्लक्ष महागात

पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले, तर पाण्यातील प्राणवायू घटल्याचे समजावे. अशा वेळी खाद्य थांबवून ताजे पाणी सोडावे किंवा वायुवीजन यंत्र चालवावे. बागेवरील फवारणीचे औषध वाऱ्याने वा निचऱ्याने तळ्यात येणार नाही, अशी काळजी घ्यावी. फवारणीचे पंप तळ्यात धुऊ नयेत. खाद्य व विष्ठेमुळे पाणी हिरवट होऊन शेवाळ ठिबकच्या तोट्यांत अडकते. त्यासाठी वाळूची गाळणी बसवावी.

निसरड्या कागदावरून पाय घसरल्यास बाहेर येणे अवघड असते. कुंपण, काठाला बांधलेला दोर आणि तरंगती ट्यूब यांवरील खर्च टाळू नये. थाई मागूर या माशाच्या संवर्धनावर देशात बंदी आहे, हेही ध्यानात ठेवावे.

विस्तार टप्प्याटप्प्याने

चार-पाच महिनेच पाणी टिकत असेल, तर मोठ्या माशांचा हट्ट धरू नये. लहान बीज दोन-तीन महिने वाढवून बोटुकली विकणे अशा तळ्यांना अधिक मानवते. जलाशयांत बीज सोडणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्था आणि बारमाही पाणी असलेले शेतकरी त्याचे ग्राहक ठरू शकतात.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्यांसाठी ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के साहाय्याचे प्रमाण ठेवण्यात आले. खर्च करण्यापूर्वी सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात अर्जाची सद्यःस्थिती जाणून घ्यावी. अनुदान गृहीत न धरताही हिशेब जुळत असेल, तरच दुसऱ्या तळ्याचा विचार करणे शहाणपणाचे ठरेल.