कमी धावलेली मोटरसायकल घेतल्यावर

मीटरवर जेमतेम चार हजार किलोमीटर दिसले की जुनी मोटरसायकल घेणारा हरखून जातो. मात्र, उभ्या गाडीचेही वय वाढतच असते. सर्वप्रथम टायर पाहावेत. त्यांच्या कडेवरील चार अंकांत निर्मितीचा आठवडा व वर्ष असते. '३२१४' म्हणजे २०१४ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतके जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर घसरते. येथे काटकसर नको. डिस्क ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून तेही बदलावे. इंजिन ऑइल ओघाने आलेच. टाकीतील शिळे पेट्रोल काढून टाकावे. कार्बोरेटरच्या जेटमध्ये त्याचा चिकट थर साचतो. इंजिन तापल्यावरही चोकशिवाय गाडी चालत नसेल, तर दोष बहुधा तिथेच असतो.