आइस हॉकीतील पंचनिर्णय व सामन्याचा ओघ : एक विवेचन
‘पंचांमुळे हरलो’ व ‘ओघ फिरला’ ही दोन कारणे हॉकीप्रेमी परस्परविरोधी मानतात. नॅशनल हॉकी लीगच्या २०१९ मधील सॅन होजे-वेगास बाद फेरीच्या मालिकेत हा भेद टिकत नाही. निर्णायक सातव्या सामन्यात वेगास ३-० ने आघाडीवर असताना त्याच्या एका खेळाडूस पाच मिनिटांची शिक्षा देण्यात आली. दोन मिनिटांची शिक्षा प्रतिपक्षाचा गोल होताच संपते. पाच मिनिटांची मात्र पूर्ण भोगावी लागते. म्हणूनच सॅन होजेला त्या एकाच शिक्षेत चार गोल करता आले. वेगासने बरोबरी साधली, तरी जादा वेळेत सॅन होजे ५-४ ने विजयी झाला. पुढील हंगामापासून अशा निर्णयांची चित्रफितीवरून फेरतपासणी सुरू झाली. सारांश, ओघ केवळ मनोबलातून नव्हे, तर नियमांच्या रचनेतूनही निर्माण होतो.