पावसाळ्यातला खुराडा आणि टोचलेलं पिल्लू

आंबोलीत मिरग लागला की कोंबड्यांचं हिंडणं-फिरणं संपतं. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या या गावात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. खळ्यात चिखल, परसात धुकं. एरवी सकाळी सोडल्या की दिवेलागणीला परतणाऱ्या कोंबड्या पडवीत, मांगरात, नाहीतर दिवसभर खुराड्यातच अडकून पडतात. याच दिवसांत कुणाच्या तरी घरी दीड-दोन महिन्यांचं एखादं पिल्लू कोपऱ्यात डोकं खुपसून उभं असलेलं दिसतं. शेपटीच्या मुळाशी पिसं गेलेली, कातडी फाटलेली, आतलं लाल मांस उघडं, आणि बाकीची कोंबडी येऊन नेमकी तिथेच चोच मारत असतात.

घरातलं जाणतं माणूस अशा वेळी म्हणतं, "ता काय जगाचा नाय, सोड तेचो नाद." या वाक्याशी माझं भांडण आहे. टोचलेलं पिल्लू वेळेवर उचललं तर बहुतेक वेळा जगतं. कोंबडीच्या कातडीत भरून येण्याची ताकद मोठी असते. डोक्यावरची कातडी सोलून निघालेली पिल्लंसुद्धा काही आठवड्यांत सावरतात. पिल्लू मरतं ते जखमेपेक्षा उशिरामुळे, गारठ्यामुळे आणि माशीमुळे. आणि जगलेलं पिल्लू पुन्हा टोचलं जातं, कारण आपण त्याची जखम बरी करतो पण खुराडा आहे तसाच ठेवतो.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे त्याला उचलणं. संध्याकाळपर्यंत बघू, असं म्हणू नये. ताजं रक्त दिसलं की कोंबडी थांबत नाहीत. कोंबड्यांची रंगदृष्टी आपल्याहून तीक्ष्ण असते आणि लाल ठिपक्यावर चोच मारणं त्यांच्या स्वभावातच आहे. पिल्लाच्या वाढत्या पिसांच्या देठात रक्त असतं. असं एखादं पीस उपटलं गेलं की थेंब येतो, त्या थेंबावर दुसरी चोच पडते, आणि तासाभरात टाचणीएवढ्या जखमेचा रुपयाएवढा खळगा होतो.

उचललेल्या पिल्लाला जुन्या सुती फडक्यात पंखांसकट गुंडाळावं, म्हणजे ते फडफडत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर चार-पाच मिनिटं न उचलता दाबून धरावं. मधूनमधून उचलून बघितलं की धरलेली खपली सुटते. मग धुणं. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करायचं, त्यात सपाट छोटा चमचा मीठ. जखमेत अडकलेली पिसं, माती, भाताचं तूस या पाण्याने वाहून जाऊ द्यावं, बोटाने खरवडू नये. कडेची पिसं कात्रीने कापावीत, उपटू नयेत. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन, तेही सरळ बाटलीतलं नाही, तर पाणी घालून पातळ चहाच्या रंगाचं केलेलं. पट्टी सहसा लागत नाही. ओल्या हवेत पट्टीखाली जखम कुजते.

आपल्याकडे हाताशी असतात ती औषधं तपासून घ्यायला हवीत. लाल औषध अजून काही घरांत फडताळात असतं. ते कोंबडीला लावू नये. एक तर त्यात पारा आहे, आणि शिवाय जखम आणखी लालभडक दिसून बाकीच्यांना बोलावणंच जातं. जांभळ्या औषधाने लाल रंग झाकला जातो म्हणून जुने पाळणारे ते लावत आले, पण ज्या जनावरांचं मांस-अंडी माणूस खातो त्यांच्यासाठी त्याचा वापर काही देशांनी बंद केला आहे. त्यापेक्षा जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळणारा, माशी दूर ठेवणारा जखमेचा फवारा बरा. हळद वाईट नाही, पण न धुतलेल्या खोल जखमेवर हळद-तेलाचा थर दिला की घाण आत कोंडते. गाईबैलांच्या जखमेतल्या किड्यांसाठी गावात टर्पेंटाईन वापरतात. पिल्लाची कातडी त्याने भाजते. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळीचा तुकडा द्यायचा मोह तर अजिबात नको.

पावसाळ्यात खरी भीती माशीची. ओल्या, वास येणाऱ्या जखमेवर माशी अंडी घालते आणि दिवसाच्या आत अळ्या होतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ पिसं बाजूला सारून जखम बघायची, विशेषतः शेपटीखाली. अळ्या दिसल्या, डोळा फुटला, पोटाला भोक पडून आतडं दिसू लागलं किंवा जखमेला घाण वास येऊ लागला, तर घरगुती उपचार तिथेच थांबवून पशुवैद्याकडे जावं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. प्रतिजैविक त्यांनी सांगितलं तरच द्यावं, आणि दिलं तर किती दिवस ते कोंबडं कापायचं नाही, हेही विचारून घ्यावं.

धुण्याइतकीच ऊब महत्त्वाची. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं. दीड-दोन महिन्यांचं, पुरती पिसं आलेलं पिल्लू एरवी आंबोलीचा गारठा सोसतं, पण रक्त गेलेलं, भेदरलेलं, ओलं पिल्लू सोसत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरडं तूस किंवा फडकं घालून, खोक्याच्या एका बाजूला गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवली की पुरतं. एकाच बाजूला, म्हणजे नको वाटलं तर पिल्लाला सरकता येतं. आंबोलीत पावसात वीज जातेच, तेव्हा दिव्याच्या भरवशावर राहू नये. वर अर्धं झाकण, आत अंधार, आजूबाजूला शांतता. मुलांना दाखवायला म्हणून सारखं बाहेर काढू नये.

पाणी चोचीत ओतायचं नाही. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं, पाणी तिकडे गेलं तर पिल्लू गुदमरतं. चोचीचं टोक उथळ वाटीतल्या पाण्याला लावावं, ते स्वतः पितं. पहिल्या दिवशी पाण्यात चिमूटभर गूळ चालतो. खायला उकडलेलं अंडं कुस्करून, मऊ भात, आणि थोडी सुकट, पण धुऊन, कारण जास्त मीठ पिल्लाला बाधतं.

सुकटीचा मुद्दा इथे संपत नाही. पीस हे जवळजवळ सगळं प्रथिनाचंच असतं. पिल्लाच्या खाद्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात, आणि आपण पावसाळ्यात टाकतो ती तांदळाची कणी, जिच्यात जेमतेम सात-आठ टक्के असतात. बाहेर हिंडणारं कोंबडं किडे, गांडुळं, वाळवी खाऊन ही तूट भरून काढतं. कोंडलेलं कोंबडं शेजाऱ्याच्या पिसात चोच घालतं. पिसं बनायला जी गंधकयुक्त अमिनो आम्लं लागतात ती मासळीत भरपूर असतात, म्हणून मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून घाटावर येणारा जवळा या दुखण्यावरचं औषधच आहे. शेंगपेंडही चांगली, पण आंबोलीच्या दमट हवेत तिला बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष कोंबड्यांचं यकृत खातं. पेंड हिरवट किंवा कुबट झाली असेल तर ती टाकून द्यावी.

टोचणारी कोंबडी क्रूर असतात, असं मानू नये. कोंबड्यांमध्ये वरखालचा क्रम लागलेला असतो, कोणी कोणाला टोचायचं आणि कोणी बाजूला व्हायचं, हे ठरलेलं असतं. नॉर्वेच्या थोरलाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून घरच्या कोंबड्यांचं हे वागणं टिपून ठेवलं आणि १९२२ मध्ये जर्मन भाषेत ते प्रसिद्ध केलं. माणसांच्या कचेऱ्यांतल्या उतरंडीबद्दल जगभर बोललं जातं ते या कोंबड्यांच्या नोंदींवरून. पण या नोंदींतला आपल्या कामाचा भाग वेगळा आहे. एकदा क्रम लागला की भांडणं कमी होतात. एक टोचा, नुसती रोखलेली नजर, आणि खालची कोंबडी दूर होते. ही व्यवस्था चालते ती दूर व्हायला जागा असते म्हणून.

आंबोलीच्या रानात राखाडी रानकोंबडा आहे. पहाटे त्याची तुटक बांग ऐकू येते. आपल्या घरच्या कोंबडीचा मुख्य पूर्वज तो नव्हे, तो मान लाल रानकोंबड्याचा. पण अनेक घरगुती कोंबड्यांची पिवळी कातडी या राखाडी चुलत्याकडून आली असल्याचं २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. रानात दुबळी तलंग टोचा खाल्ल्यावर कारवीत शिरते आणि प्रकरण मिटतं. चार बाय तीनच्या खुराड्यात तिने शिरायचं कुठे? ती कोपरा गाठते, डोकं लपवते आणि पाठ उघडी राहते. जखमा पाठीवर आणि शेपटीकडे होतात त्या अशा.

दीड-दोन महिन्यांचं वयच नाजूक. रवणीतून उठलेली आई पिल्लांना तोवर पंखाखाली सांभाळते, आणि याच सुमारास पुन्हा अंड्यावर यायची वेळ झाली की स्वतःच टोचून दूर करते. त्यात टेम्पोवाल्याकडून गिरीराज किंवा वनराजा जातीची पिल्लं घेऊन गावठी कोंबड्यांत सोडलेली असली तर विचारायलाच नको. त्या पिल्लांना आई नसते, क्रमात जागा नसते, रंग वेगळा असतो, आणि घरच्या कोंबड्यांच्या लेखी ती सगळी परकी.

मोठ्या पोल्ट्रीत टोचण्यावर उपाय म्हणून चोचीचं टोक कापतात. अमेरिकेत तर १९०३ मध्ये कोंबड्यांच्या चष्म्याचं पेटंट घेतलं गेलं, डोळ्यांवर बसवायचा चष्मा, दुसऱ्या कोंबडीच्या टोच्यापासून डोळे वाचावेत म्हणून. घरच्या पाच-पंधरा कोंबड्यांना यातलं काहीच लागत नाही. चोच ही कोंबडीचं बोट आहे. ती कापून खुराड्याची अडचण झाकणं मला पटत नाही.

एक गफलत मात्र टाळावी. पावसाळ्यात डासांमुळे कोंबड्यांना देवी येतात. तुरा, पापण्या, चोचीची कड अशा पीस नसलेल्या जागी फोड येऊन काळ्या खपल्या धरतात. त्या टोचल्याच्या खुणा वाटतात. एकाच पिल्लाच्या पाठीवर जखम असेल तर टोचणं, आणि चार-पाच कोंबड्यांच्या तोंडावर सारख्या खपल्या असतील तर देवी, असा ढोबळ फरक. कोंबड्या पटापट मरू लागल्या तर मात्र मेलेली कोंबडी हाताळू नये, सरळ दवाखान्यात कळवावं.

आता परत सोडण्याचं. जखम कोरडी झाली, नवी कातडी आली, लाल दिसेनासं झालं की पिल्लू परत जायला तयार. पण आठवडाभर दिसेनासं झालेलं पिल्लू बाकीच्यांसाठी पुन्हा परकं होतं. कोकणातल्या घराघरात असलेलं डालगं इथे कामी येतं. रक्त थांबल्यानंतर, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून, दिवसा काही तास पिल्लाला पडवीत डालग्याखाली ठेवावं, बाकीच्या कोंबड्यांच्या मधोमध. कामट्यांच्या फटींतून दिसतं, पण चोच पोचत नाही. फटी रुंद असतील तर आतून जुनी मच्छरदाणी लावावी. एकटं ठेवण्यापेक्षा त्याच्या वयाचं एखादं गरीब पिल्लू सोबतीला दिलं तर परतताना दोघं असतात. सोडायचं ते उघडिपीच्या दिवशी, मोकळ्यावर, दाणे दोन-तीन ठिकाणी लांब लांब टाकून. अंधारात गुपचूप खुराड्यात सारायचं, हा सल्ला सर्रास दिला जातो, पण सकाळी उजाडताना दार उघडायला कोणी नसेल तर तो घातक ठरतो.

टोचणारं कोंबडं एकच असेल तर पिल्लाऐवजी त्यालाच तीन-चार दिवस बाजूला ठेवून बघावं. परत आल्यावर त्याला स्वतःची जागा नव्याने शोधावी लागते आणि तेवढ्यात पिल्लू रुळतं.

आणि खुराडा. दिवसभर कोंडायच्या असतील तर मोठ्या कोंबडीला निदान तीन-चार चौरस फूट जागा हवी. आत वेगवेगळ्या उंचीवर दोन दांड्या, एका कोपऱ्यात आडवी फळी किंवा उलटी टोपली, म्हणजे मागे लपायला आडोसा होतो. खाण्याची भांडी दोन, पाण्याची दोन, एकमेकांपासून दूर. प्रखर दिवा नको. पिल्लांना दिवसा काही काळ अंधारी, उबदार जागा मिळाली, जशी आईच्या पंखाखाली मिळते, तर पुढे पिसं टोचण्याचं प्रमाण कमी राहतं असं अभ्यासांत दिसलं आहे. आणि आंबोलीसारख्या ठिकाणी सगळ्यात जास्त विसरली जाते ती कोरडी माती. कोंबडीला धुळीत लोळावंच लागतं, त्याशिवाय अंगावरच्या पिसवा-उवा जात नाहीत. चार महिने तिला चिमूटभर कोरडी धूळ मिळत नाही. अंग खाजतं, ती स्वतःची पिसं विंचरत बसते आणि मग दुसऱ्याची.

तेव्हा मिरगाआधी लाकडं भरताना, कौलं परतताना एक पोतं चुलीची राख आणि एक पोतं चाळलेली कोरडी माती पडवीत उचलून ठेवा, एका जुन्या घमेल्यात ती मिसळून कोंबड्यांपुढे ठेवा, आणि वैशाखाच्या उन्हातली शेरभर सुकट त्यांच्या नावाने बाजूला काढा.